१४ फेब्रुवारीची पर्यावरणपूरक भेट: मराठवाड्यात राहून काय घेता येईल?

परभणीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे लग्न मागच्या वैशाखात झाले. पत्नी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरात प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा येऊ देत नाही. त्यामुळे येत्या १४ फेब्रुवारीला तिला द्यायची भेट तिच्या या आग्रहाला धरून असावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ऑनलाइन दुकानांत ‘इको-फ्रेंडली’ म्हणून बांबूचा ब्रश, बियांच्या कागदाचे शुभेच्छापत्र आणि कापडी पिशवी असे संच दिसतात. पण हा शब्द कोणीही छापू शकतो, मग त्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? खर्चाची मर्यादा दोन हजार रुपये आहे. पैठणी द्यावी असेही मनात येते, परंतु एवढ्या रकमेत खरी पैठणी मिळेल का? तिला पक्षीनिरीक्षणाची आवड आहे, हेही सांगून ठेवतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मांजराकाठ

आपली शंका रास्त आहे. पर्यावरणाविषयीचे दिशाभूल करणारे दावे रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून, ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ यांसारखे मोघम शब्द वापरणाऱ्याने त्याचा पुरावा आणि खुलासा दिला पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. म्हणून वस्तू कशाची आहे आणि कुठे तयार झाली, हे विक्रेत्याला सरळ विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर ती वस्तू सोडून द्यावी. बांबूच्या ब्रशचा दांडा बांबूचा असला, तरी केस बहुधा नायलॉनचेच असतात. ‘बांबूचे मऊ कापड’ म्हणून जे विकले जाते, ते बहुतेक वेळा लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेले व्हिस्कोस असते.

बियांच्या कागदाबाबत आपल्या भागापुरती एक अडचण आहे. फेब्रुवारीत तो पेरला, तर पुढे चार महिने ऊन, आणि मे महिन्यात आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची काय स्थिती असते, हे २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा साऱ्या देशाने पाहिले आहे. कागद कोरडा ठेवून मृगाचा पाऊस पडल्यावरच पेरावा. रोपच द्यायचे असेल, तर मातीच्या कुंडीतला मोगरा द्यावा: धुणीभांडी विसळलेल्या पाण्यावर तो तग धरतो आणि उन्हाळ्यातच फुलतो.

पुष्पगुच्छ घेणार असाल, तर त्याच्या तळाशी असलेल्या हिरव्या स्पंजकडे लक्ष द्यावे. तो फिनॉल-फॉर्माल्डिहाइडपासून बनवलेला प्लॅस्टिकचाच प्रकार आहे आणि मातीत कुजत नाही. त्यापेक्षा बाजारातून निशिगंधाच्या काड्या घेऊन सुतळीने बांधाव्यात. प्लॅस्टिकच्या काडीवरचे फुगे तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तरी या दिवशी ते दुकानांत टांगलेले दिसतात आणि त्याचे फार वाईट वाटते.

पैठणगेट

दोन हजारांत हातमागाची पैठणी मिळणार नाही, आणि जी मिळेल ती घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन. त्या किमतीतल्या साड्या यंत्रमागावरच्या असतात, त्यांत अनेकदा पॉलिस्टर असते, आणि जरीची तार म्हणून चमकते ती धातूचा मुलामा दिलेली प्लॅस्टिकची पट्टी असते. खरी पैठणी पदर उलटून ओळखावी. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा नक्षीच्या कडेला शेजारच्या धाग्यात गुंतवत विणतात, म्हणून मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या पदरामागे कापलेल्या धाग्यांची टोके असतात.

माझा सल्ला हिमरूचा आहे. सुती ताणा (उभे धागे), रेशमी बाणा (आडवे धागे) आणि नक्षीसाठी जादा बाणा अशी ही वीण संभाजीनगरात अजून तग धरून आहे. तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादेला आणली तेव्हा तिचे विणकर इकडे आले, असे सांगतात. येथे ओळख मात्र उलटी आहे. हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे धागे सुटे राहतात, त्यांचा मऊ थर होतो आणि म्हणूनच ही शाल थंडीत उबदार लागते. मागे धागे दिसले म्हणून नकली समजू नये. आता या कलेचे हातमाग फार थोडे उरले आहेत. माग चालू असलेल्या जागी जाऊन, विणणाऱ्याशी दोन शब्द बोलून स्टोल घ्यावा. तो आपल्या मर्यादेत बसण्यासारखा आहे आणि नीट ठेवला तर कित्येक वर्षे टिकेल. एक विनंती: विणकराशी भावासाठी घासाघीस करू नये.

उदगीरची लेक

दादा, नवीन वस्तू घ्यायलाच हवी का, याचाही विचार करावा. वहिनींच्या आईंकडून त्यांच्या जुन्या सुती साड्या मागून घ्या आणि वाकळ शिवणाऱ्या एखाद्या मावशींकडून धावदोऱ्याची वाकळ शिवून घ्या. कापड घरचेच आणि पैसे थेट कष्ट करणाऱ्या बाईच्या हातात जातात. मात्र हाताचे काम असल्याने आजच सांगावे लागेल. खादी आवडत असेल, तर नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे कापड पाहावे. राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या संस्थांपैकी ही एक. तिच्यासाठी आमच्या उदगीरलाही कापड विणले जाते.

परभणीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाकळेची कल्पना मनाला फार भिडली. सासूबाईंशी आजच बोलतो. हिमरूसाठी संभाजीनगरला जाणे झाले, तर पत्नीलाही सोबत नेऊन एखादा पक्षी पाहण्याचा बेत जोडता येईल का?

गोदाकाठ

अवश्य जोडता येईल. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि फेब्रुवारीत स्थलांतरित पक्षी तेथे असतात. पाणी उथळ असलेल्या काठावर रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) थवेही दिसू शकतात. परभणीहून संभाजीनगरपर्यंत रेल्वे आणि पुढे पैठणपर्यंत साधारण ५० किलोमीटर एसटी, असा प्रवास केला तर स्वतंत्र गाडीचे इंधनही वाचते. पहाटे पोहोचायचे असल्याने आदल्या दिवशी पैठणला मुक्काम करावा. पाहण्याचा उत्तम काळ सूर्योदयानंतरचे दोन तास. थव्याच्या फार जवळ जाऊ नये, कारण उडायला भाग पडलेल्या पक्ष्याची चरण्याची वेळ वाया जाते.

दुपारी पैठणला पैठणी विणण्याचे केंद्र पाहता येईल. खरेदी न करता नुसता माग पाहिला, तरी वहिनींना आवडेल. परतीच्या वाटेवर हिमरूचे दुकान उघडे मिळेल याची आधी फोनवर खात्री करून घ्यावी. दुर्बीण नसेल तर नवी घेण्याआधी परभणीतल्या एखाद्या पक्षीमित्राकडे मागून पाहावी. असे लोक आनंदाने देतात, आणि कोणता पक्षी कोणत्या काठावर उतरला आहे तेही सांगतात.