शीर्षकगीत, शीर्षकसंगीत आणि 'संगीत : अमुक'

मालिकेच्या नामावलीत 'संगीत : अमुक' एवढंच येतं, तेव्हा त्या अमुकांनी नेमकं काय केलंय असं समजायचं? श्रेयनामावल्या मराठीत आणताना माझं हटकून याच शब्दापाशी अडतं. सुरुवातीच्या गाण्याची चाल, त्याचं संगीत संयोजन आणि प्रसंगांखाली वाजणारं पार्श्वसंगीत ही तीन निराळी कामं, पुष्कळदा तिघांची. शिवाय 'टायटल म्युझिक'ला सरसकट शीर्षकगीत म्हणतात, त्यात एकही शब्द नसला तरी.

*

शब्द असतील तरच शीर्षकगीत म्हणा. 'आभाळमाया'चं शीर्षकगीत आहे : शब्द मंगेश कुळकर्णी यांचे, चाल अशोक पत्की यांची, गायलंय देवकी पंडित यांनी. शब्द नसले की ते शीर्षकसंगीत किंवा शीर्षकधून. आणि कार्यक्रमाची नव्हे, तर केंद्राची ओळख म्हणून वाजते ती संकेतधून. आकाशवाणीची वॉल्टर कॉफमन यांनी रचलेली धून अशी.

'चाल' मात्र बिनशब्दांच्या संगीताला लावू नये. चाल लावतात ती शब्दांना. धून बांधतात किंवा रचतात.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही सांगीतिक कृतीतून शब्द बाजूला काढतो. संगीत रचणारा तो संगीतकार, मग त्याने ते स्वरलिपीत लिहिलेलं असो वा नसो.

*

पण 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेच्या शीर्षकसंगीताला यातला कुठलाच शब्द पुरत नाही. १९६३ साली रॉन ग्रेनर यांनी धून कागदावर लिहून दिली. ती ऐकू येण्याजोगी केली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या, म्हणजे कार्यक्रमांसाठी नवनवे आवाज घडवणाऱ्या विभागातल्या डेलिया डर्बिशर यांनी. तेव्हा सिंथेसायझर हाताशी नव्हता. एक तार छेडून किंवा ऑसिलेटर या विजेवर सूर काढणाऱ्या उपकरणातून आवाज टेपवर घ्यायचा, त्या टेपचा वेग कमीजास्त करून हवा तो स्वर मिळवायचा, मग स्वराच्या लांबीइतका तुकडा कापून पुढच्याला चिकटवायचा. सगळी धून अशी जोडलेली! ग्रेनर यांना डर्बिशर यांचं नाव सहसंगीतकार म्हणून द्यायचं होतं, पण बीबीसीच्या धोरणात ते बसलं नाही. नाव लागलं ते वर्कशॉपचं. डर्बिशर २००१ मध्ये गेल्या आणि त्यांचं नाव पडद्यावर आलं २०१३ च्या विशेष भागात. मला याचं फार वाईट वाटतं.

आता यांना 'संगीत संयोजक' म्हणायचं? संयोजक कुठलं वाद्य कुठे वाजेल ते ठरवतो, वाजवणारे वेगळे असतात. इथे एकेक स्वर घडवलाय. 'ध्वनिसंयोजन' म्हटलं तर वाचणाऱ्याला ध्वनिमुद्रण आठवेल.

*

'ध्वनिसिद्धी' कसं वाटतं? लिहिलेली धून ध्वनिरूपात सिद्ध करणं. मी माझ्या नामावलीत असं लिहीन :

शीर्षकसंगीत – रचना : रॉन ग्रेनर, ध्वनिसिद्धी : डेलिया डर्बिशर

आणि नुसतं 'संगीत' जिथे असेल, तिथे आधी चौकशी करीन की चाल, संयोजन की पार्श्वसंगीत.