हलग्याचा भोंगा आणि पोरांवर मारलेला 'व्यसनी' हा शिक्का

येळ्ळूरची आई
बेळगावजवळच्या हलग्यात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि नऊपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद ठेवतात. आपल्या गल्लीतही तसंच करायचं म्हणून परवा बैठक झाली. मी नको म्हटलं, तर चारचौघांत बोलणी खाल्ली. तिथं नीट मांडता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

माझा मुलगा नववीत आहे. सुट्टीत रोज चार-पाच तास मोबाईलवर गेम खेळायचा. पण हाक मारली की मॅच संपवून ताटावर यायचा, सकाळी तालीम चुकवायचा नाही. पाहुणे मात्र त्याच्या तोंडावर 'व्यसनी' म्हणायचे. एकदा भाकरी मोडता मोडता विचारतो, "आई, मी दारुड्यासारखा आहे?" तेव्हापासून तो शब्द कानाला सोसत नाही.

2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, गेमिंगचा विकार आहे, पण त्यात तास मोजलेले नाहीत. खेळावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळं मागं पडलंय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण बारा महिने टिकलंय का, एवढं बघतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या पुस्तकात तो 'अजून अभ्यास हवा' अशा भागात ठेवला. त्याच निकषांवर 2017 साली प्रौढांची मोठी पाहणी झाली, तर प्रमाण 0.3 ते 1 टक्का निघालं. मग आपल्या गल्लीतली सगळीच पोरं व्यसनी कशी?

शहापूरचा बाप
ताई, तुमचा पोरगा हाकेला येतो. माझा येत नाही. रात्री दोनला पांघरुणाच्या आत उजेड दिसतो. चार्जर काढून घेतला तर यंत्रमागाच्या खोलीत जाऊन तिथल्या वायरीला जोडून आला, शॉक बसला असता. दहावीत आहे. बारा महिने वाट बघू? तोवर एसएसएलसी हातची जाते. भोंगा वाजला तर निदान शेजारच्या घरातही बंद असतो, मग मी एकटा वाईट ठरत नाही. एवढा आधार तरी राहू द्या की.

खानापूर, एम.ए. मानसशास्त्र
काका, बारा महिने थांबलंच पाहिजे असं नाही. लक्षणं पूर्ण आणि तीव्र असतील तर कमी मुदतीतही निदान करता येतं, हे आयसीडी-11 मध्येच लिहिलंय.

आणि ताई, 0.3 टक्क्यावर निर्धास्त होऊ नका. सिंगापूरमध्ये 3034 मुलांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं, 2011 ला छापून आलं. तिथं विकाराच्या पातळीचं खेळणं 9 टक्क्यांच्या आसपास निघालं. मोजपट्टी बदलली की आकडा बदलतो. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. उतावीळ आणि मित्रांत न मिसळणारी मुलं त्यात जास्त अडकली, आणि उदासी, घबराट, मार्कांची घसरण नंतर आली. म्हणजे 'आधीच दुःखी होता म्हणून खेळतो' एवढ्यावर विषय मिटत नाही.

येळ्ळूरची आई
हे पटलं. पण मग भोंगा त्या एकलकोंड्या मुलाला काय देणार? दक्षिण कोरियानं 2011 ला सोळाच्या आतल्या मुलांना रात्री बारा ते सहा ऑनलाइन खेळ बंद केला होता, दहा वर्षांनी तो कायदा मागं घेतला. सात ते नऊ फोन बंद झाला, तर काकांचा मुलगा दोनला उघडणारच.

कंग्राळीचे गुरुजी
भोंग्याला मी अनुकूल आहे. ते दोन तास पोरांसाठी जेवढे, तेवढेच आईबापांसाठी. आमच्या वर्गातली मुलं सांगतात, "पप्पा पण रील बघत जेवतात."

खानापूर, एम.ए. मानसशास्त्र
काका, निम्हान्समध्ये, म्हणजे बेंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत, 2014 पासून 'शट' क्लिनिक खास याच कामासाठी आहे. बेंगळुरू लांब पडतं, मान्य. आधी 14416 ला, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला फोन लावा. पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. झोप किती, शाळा किती बुडली, फोन काढून घेतला की कसा वागतो, हे लिहून ठेवा. मित्र कोण आहेत, तेही.

शहापूरचा बाप
मित्राचं लिहायला बसलो, एक नाव आठवलं नाही. गेल्या वर्षीपर्यंत दोघं यायचे घरी. आज दुसरी पाळी सुटली की त्यालाच विचारतो. फोन उद्या सकाळी लावतो. गल्लीच्या बैठकीत हात मात्र भोंग्यासाठीच वर करणार, ताई.