गावच्या सरकारी हायस्कूलचा रिझल्ट खराब, मग मास्तरांची इन्क्रिमेंट थांबवावी का?

राजेंद्रनगरवाला:
इंदूरजवळ सांवेरच्या पुढे आमची थोडी शेती आहे, बटाईदाराची पोरगी यंदा दहावीत गणितात नापास झाली. तिच्या वर्गातली तीसपैकी पंधरा पोरं नापास म्हणे. रविवारी तिची कॉपी बघितली (वही हो, इंदुरात कॉपीच म्हणतात), अक्षर मोत्यासारखं, सगळी गणितं बोर्डावरनं उतरवलेली, प्रत्येक पानावर लाल टिक. त्यातलंच एक नुसते आकडे बदलून दिलं तर पेन धरून बसून राहिली. मग अर्धा अधिक एक तृतीयांश विचारलं, वरचे वर खालचे खाली मिळवून दोन पंचमांश लिहून मोकळी! सरकारी पगार घेऊन हे लोक करून काय राहिलेत? रिझल्ट खराब तर इन्क्रिमेंट बंद, सरळ हिशोब.

निवृत्त मास्तर:
भाऊ, अपूर्णांक पाचवी-सहावीचे, आणि तुम्ही धरलंत दहावीच्या मास्तराला. यंदाची दहावी म्हणजे ही पोरं तेव्हा लॉकडाउनमध्ये घरी होती, मोबाइल घरात एक अन् तो बापाच्या खिशात. वरून आठवीपर्यंत मागे ठेवायचं नाही हा नियम, २०१९ ला केंद्राने सैल केला पण तोवर सवय लागून गेली होती. इन्क्रिमेंट थांबवून काय होतं तेही ऐका, कच्ची पोरं नववीतच अडकवतात म्हणजे दहावीला बसणारच नाहीत, रिझल्ट चकाचक. केलेलं बघितलंय मी.

पोहेजलेबी:
टक्क्यांवर जाऊच नका. मध्य प्रदेश बोर्डाचा दहावीचा रिझल्ट २०२४ ला ५८.१० अन् २०२५ ला ७६.२२, एका वर्षात मास्तर सुधारले का पोरं? मी तर म्हणतो छोट्या गावातली हायस्कूलं बंद करून पोरांना सांदीपनीत न्या (सरकारच्याच मोठ्या शाळा, आधी सीएम राइज म्हणायचे त्या), तिथे लॅब आहे, विषयाला विषयाचा माणूस आहे.

मालवी सून:
न्या ना, पण बस फाट्यापर्यंत येणार असेल तर पावसाळ्यात फाट्यापर्यंत पोरीला कोण सोडणार? आठ दिवस बघतील अन् शाळेतून नाव काढून घेतील.
मी दोन वर्षं अतिथी शिक्षक (रिकाम्या पोस्टवर तात्पुरती नेमलेली) होते. माझा विषय संस्कृत, शिकवलं गणित, कारण पोस्ट रिकामी होती. ऑर्डर आली सप्टेंबरात, तोवर तो पिरियड रिकामा. मी आले तर वर्ग अर्धा, सोयाबीन कापायला गेलेला. फेब्रुवारीत आलू काढणी अन् बोर्डाची परीक्षा एकदमच. हो, बोर्डावर उतरवून द्यायचे मी पण, कोर्स संपवायचा असतो. त्या लाल टिका माझ्यासारखीच्याच असतील. पण दादा, ती पोरगी फेब्रुवारीत कुणाच्या शेतात होती?

निवृत्त मास्तर:
ते राहू द्या. नापास पोरांसाठी बोर्ड परत घेतं त्या दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरला का तिचा? तारीख गेली तर वर्ष जाईल.

राजेंद्रनगरवाला:
फॉर्म कालच भरला मास्तर, फी मी दिली. बाकी ताई, आलू आमच्याच शेतात होता, काढायला कोण कोण आलं ते मी कधी विचारलं नाही. इन्क्रिमेंटचं मात्र मी मागे घेत नाही.