मदत हवी आहे: वारीचा स्वास्थ्यावरचा परिणाम मोजताना तुलनागट कोणता घ्यावा?

आषाढी वारीआधी आणि वारीनंतर स्वास्थ्य मोजायचं आहे. साधन जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली: प्रत्येक विधानाला 0 ते 5 गुण, बेरीज गुणिले 4, म्हणजे 0 ते 100.

ही प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. पंढरपूरहून परतल्या-परतल्या विचारलं तर वारीतलेच दिवस मोजले जातात, परिणाम टिकला का ते कळतच नाही. म्हणून दुसरी फेरी महिन्याभराने. प्रयागच्या माघ मेळ्यातल्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही कल्पवाशांना (महिनाभर संगमाकाठी व्रतस्थ राहणाऱ्या यात्रेकरूंना) मेळ्याच्या महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर गाठलं होतं: 416 कल्पवासी, 127 न गेलेले.

खरी अडचण न गेलेल्यांची. ज्याचे गुडघे धड आहेत आणि पेरणी उरकली आहे तोच निघतो. शेजारचा कोणीही तुलनेला घेतला तर वारीचा गुण आणि मुळातली तब्येत यांची सरमिसळ होते. यंदा जायचं ठरवून ऐनवेळी राहिलेले घ्यावेत असं वाटतं, पण राहून गेल्याची हुरहुरच त्यांचे गुण खाली ओढेल. एक वर्षाआड जाणारे चालतील का?

दुसरं, एका दिंडीतली माणसं बहुधा एकाच गावची. दिंडीमागे 20 जण आणि अंतर्गत सहसंबंध (एकाच दिंडीतल्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) 0.05 धरला तरी 400 जणांचा नमुना जेमतेम 205 सुट्या माणसांइतका भरतो. त्यामुळे दिंड्या वाढवून माणसं कमी करावीत असं माझं मत. दिंड्यांमध्ये काम केलेल्यांनी कृपया सांगावं: दिंडीमागे 8 जण घेतले, तर दुसऱ्या फेरीला गावी किती सापडतात?