धुळ्याचा गारठा, वरच्या मजल्यावरील खोली आणि विजेचे बिल

पांझराकाठची

नमस्कार. आम्ही धुळ्यात देवपूर भागात सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. ज्या खोलीत सासूबाई झोपतात, तिच्या उत्तरेकडील आणि पूर्वेकडील भिंती बाहेरच्या आहेत व वर उघडी स्लॅब आहे. पारा दहा अंशांच्या खाली उतरला की पहाटे त्यांचे गुडघे आखडतात, म्हणून 2000 वॉटचा हीटर रात्रभर चालू ठेवावा लागतो. हीटर चालू असेपर्यंत खोली उबदार राहते; परंतु बंद केल्यावर अर्ध्या तासात ती पूर्वीइतकीच गार होते, आणि बिलाच्या धसक्याने सासूबाई स्वतःच तो बंद करायला लावतात. तेलाच्या हीटरला वीज कमी लागते, असे दुकानदार सांगतात, तर शेजारच्या काकूंच्या मते कोळशाची शेगडी सर्वांत स्वस्त पडेल. माझी चार महिन्यांची मुलगीही त्याच खोलीत झोपते. आपण काय सुचवाल?

रोहित्र (जळगाव)

ताई, तेलाचा हीटर विजेची बचत करतो हे म्हणणे पटण्यासारखे नाही. तारेचा असो, पंख्याचा असो वा तेलाचा, या सर्व हीटरमध्ये एका युनिटातून उष्णता सारखीच मिळते. तेलाच्या हीटरमध्ये तापलेली तार उघडी नसते आणि बंद केल्यावरही तो काही वेळ ऊब देत राहतो, त्यामुळे लहान मूल असलेल्या घरात तो अधिक सुरक्षित आहे एवढेच.

हिशेब असा आहे : 2000 वॉटचा हीटर तासाला 2 युनिट घेतो. तो सलग सहा तास चालला तर रात्रीचे 12 आणि महिन्याचे 360 युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा दर सर्वांत कमी, 101 ते 300 चा त्याहून बराच जास्त आणि 300 च्या पुढे आणखी वाढता असतो. दिवे, फ्रिज, गिझर यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असल्याने हीटरचे जवळजवळ प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यात जाऊन पडते, आणि म्हणूनच बिल युनिटांच्या प्रमाणापेक्षाही जास्त फुगलेले दिसते.

याउलट 100 वॉटची विजेची चादर त्याच सहा तासांत अर्ध्या युनिटाच्या आसपास घेते, कारण ती खोलीतील हवेऐवजी थेट अंथरूण तापवते. सासूबाईंना मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झाली असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती वापरू नका, आणि बाळाच्या अंथरुणात तर मुळीच नको. घरात हॉट अँड कोल्ड प्रकारचा एसी असल्यास तो बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढतो, त्यामुळे त्याच विजेत हीटरच्या सुमारे तिप्पट ऊब मिळते. परंतु केवळ थंडीसाठी नवा एसी घेणे खानदेशात परवडणारे नाही.

अर्ध्या तासात खोली गार होते, यावरून मला मात्र वेगळीच शंका येते. खिडकीत कूलर बसवलेला आहे का?

पांझराकाठची

हो, उत्तरेकडील खिडकीत लोखंडी कूलर आहे. जड असल्यामुळे तो बाराही महिने तेथेच असतो.

रोहित्र (जळगाव)

मग विजेचे पैसे तेथूनच बाहेर जात आहेत. कूलर म्हणजे तीन बाजूंनी जाळी असलेली पेटी. तिच्यातील गवतातून उन्हाळ्यात जशी हवा आत येते, तशीच ती जानेवारीत पहाटेही येते. पाण्याची टाकी रिकामी करून, आतील बाजूने पंख्याच्या तोंडावर प्लायवूडचा तुकडा अथवा जाड पुठ्ठा बसवा आणि कडांना जुन्या कापडाची पट्टी दाबा. दाराखालच्या फटीलाही गुंडाळलेले गोणपाट पुरते. मात्र वरचा झरोका थोडा उघडा राहू द्या. खोलीत दोन-तीन माणसे झोपतात, तेव्हा हवा खेळती हवीच.

सातपुडा_पायथा (शहादा)

फक्त शेगडीविषयी लिहितो. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांची शेकोटी अंगणातच ठीक. बाळ असलेल्या खोलीत शेगडीचा विचारही करू नये.

चोपड्याची आत्या

सूनबाई, रोहित्र दादांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे, पण सर्वांनी वरून पांघरण्याचाच विचार केला आहे. म्हाताऱ्या माणसाला गारवा खालून लागतो. फरशीवर गादी असेल तर तिच्याखाली आधी सतरंजी आणि घोंगडी घाला, किंवा सरळ पलंगावर हलवा. जुनी गादी दबून घट्ट झाली असेल तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या. पिंजलेल्या कापसात हवा धरून राहते आणि ऊब त्या हवेचीच असते. एका जाड रजईपेक्षा दोन पातळ गोधड्या बऱ्या. बाळावर मात्र जड गोधडी टाकू नका. तिला अंगात दोन थरांचे कपडे घाला, म्हणजे तोंडावर पांघरूण येण्याची भीती राहत नाही. सासूबाईंना गुडघ्यांसाठी गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्या. हीटर लावायचाच असेल तर निजण्यापूर्वी अर्धा तास आणि पहाटे त्या उठण्यापूर्वी अर्धा तास लावा, म्हणजे दिवसाचे दोनच युनिट होतील.

आणखी एक सुचवते, राग मानू नका : थंडीपुरती खोली बदलता येणार नाही का? आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी चांगले ऊन तापते, रात्र तेवढी गार. दक्षिणेच्या खोलीत ती दुपार साठवता येते.

रोहित्र (जळगाव)

आत्यांच्या बोलण्याला भूगोलाचा आधार आहे. धुळे 21 अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवरच असतो आणि छज्जाखालून ऊन थेट खोलीत येते. मे महिन्याच्या अखेरीस तो जवळजवळ डोक्यावर असल्याने तोच छज्जा ऊन अडवतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर उन्हाळ्यात बांधलेली हिरवी नेट काढा, दुपारी पडदे पूर्ण उघडा, आणि सूर्य कलताच खिडकी व जाड पडदे बंद करा. उत्तरेच्या खोलीला हा लाभ कधीच मिळत नाही.

पांझराकाठची

दक्षिणेला आमची बैठकीची खोली आहे. सासूबाई तयार होतील असे वाटते, टीव्ही तेथेच आहे. स्लॅबचे काही करता येईल का? मागच्या एप्रिलमध्ये गच्चीवर चुना मारला होता.

रोहित्र (जळगाव)

स्वच्छ आकाशाच्या रात्री उघडी स्लॅब आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहते, आणि चुन्यामुळे दिवसाचे ऊनही परतवले जाते. पावसात तो बराचसा धुऊन गेला असेल. उरलेला खरवडण्याची गरज नाही, फक्त नवा हात फेब्रुवारी संपेपर्यंत देऊ नका. कायमचा उपाय म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा, जो मे महिन्यातही तितकाच उपयोगी पडतो. मात्र त्याचे वजन स्लॅबवर येते, म्हणून आधी इंजिनिअरला इमारत दाखवा आणि खालच्या मजल्यांवरील मंडळींची संमती घ्या. छताला आतून थर्मोकोल चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. ते झटकन पेट घेते.