मदत हवी आहे: दिवाडीच्या घरासाठी इंग्लंडहून फोर बाय फोर व्हॅन आणायची, जमेल का?

माळारकर:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं घर दिवाडीला, माळारच्या पुढे अगदी खाजनाच्या (बांध घालून खाडीचं पाणी अडवलेल्या शेताच्या) कडेला. बेटाला पूल नाही, येणंजाणं सगळं फेरीबोटीने. गोव्यातल्यांना हे माहीतच आहे पण इथे पुण्या-मुंबईचेही वाचतात म्हणून सांगितलं. फेरीतून उतरलं की पुढे डांबरी रस्ता छान आहे, घोडं अडतं ते शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला. तो भाग खाजनाच्या बांधावरून जातो, वर तांबडी माती आणि फुटके चिरे टाकलेत, बस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याचा नुसता रबडा होतो आणि अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला दोन ठिकाणी वर पाणी चढतं. माझी वॅगन आर गेल्या श्रावणात तिथेच बसली ती दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून काढली, आणि चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं) सगळं सामान आम्ही डोक्यावरून घरी नेलं.

ते पण चाललं असतं हो. पण आई ७८ वर्षांची आहे आणि मार्चमध्ये तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे मी आणि शेजारचा मुलगा तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून डांबरापर्यंत उचलून नेतो, आणि ती वरून आम्हालाच रस्ता दाखवते, 'डावीकडे दगड सुटलाय, मागल्या खेपेला तू तिथेच घसरलास'.

आता मुद्दा. माझा आतेभाऊ स्विंडनला असतो (तिथे अर्धा गोवाच आहे म्हणा), तो पुढच्या वर्षी कायमचा परत येतोय. त्याच्याकडे मित्सुबिशी डेलिका डी-५ आहे, २०१८ची, डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह. जपानहून तिकडे आणलेली सेकंडहँड. पजेरोवाल्या कंपनीचीच व्हॅन. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, आणि दार उघडलं की खालून पायरी आपोआप बाहेर येते! आईने व्हिडिओ कॉलवर ती पायरी तीन वेळा आत-बाहेर करायला लावली आणि मग म्हणाली, ही हाड (आण). झालं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

मी मनातल्या मनात हिशेब केला की स्टेअरिंग उजवीकडेच आहे, आखातातल्या गाड्यांसारखी डाव्या स्टेअरिंगची भानगड नाही, मुरगाव बंदर घरापासून तासाभरावर, तिथे उतरवू, ड्युटी भरू, पणजीला पासिंग करू. एक एजंट पण भेटलाय, तो म्हणतो 'सगळं होतं', फक्त दोन लाख अ‍ॅडव्हान्स मागतोय आणि पावती म्हटलं की विषय बदलतो.

तर प्रश्न असे की वापरलेली गाडी अशी आणता येते का, ड्युटी साधारण किती बसेल, आणि पावणेपाच मीटरची व्हॅन आपल्या फेरीच्या फळीवरून सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी खाली न घासता चढते का? कोणी लांब गाडी रोज नेत असाल तर प्लीज सांगा.

---

धक्क्यावरचा:

दोन लाख दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर आजच मागे लागा.

मी कस्टम क्लिअरिंगच्या लायनीत पंधरा वर्षं काढलीत म्हणून सांगतो. वापरलेल्या गाडीला पहिली अटच ही की बनवल्याच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. तुमची २०१८ची, म्हणजे विषय इथेच संपला. तरी पुढचं ऐका, कारण तो एजंट उद्या 'तारीख अ‍ॅडजस्ट करू' म्हणेल. वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातून येऊ शकते, मुरगावला उतरवूच शकत नाही. स्टेअरिंग उजवीकडे हवं ते तुमचं आहे, पण स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, इंग्लंडात मैल चालतात. निघण्याआधी तिकडच्या मान्य संस्थेची तपासणी आणि सर्टिफिकेट, इथे आल्यावर परत टेस्टिंग, त्यासाठी पुण्याची एआरएआय वगैरे संस्था आहेत. वर अजून एक अट असते जिच्याकडे कोणी बघतच नाही, की गाडी पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालण्यालायक असली पाहिजे आणि देशात तिच्या सर्व्हिसची सोय असल्याची हमी हवी. डेलिकाची सर्व्हिस इथे कोण देणार?

ड्युटी गाडीच्या किमतीवर, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर, शंभर टक्क्यांच्या वर जाते. वर जीएसटी वेगळा.

कार्नेवर (तात्पुरत्या आयातीच्या कागदांवर) आणतात ते वेगळं हो. तो फिरायला आलेल्यांचा मार्ग, मुदतीत गाडी परत न्यावी लागते. त्यावर पासिंग होत नाही.

---

चिखलात चाक:

वरच्या भाऊंनी सगळं सांगितलंच. मी गाडीबद्दल बोलतो. डेलिका माझी पण आवडती, पण इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि तिथल्या डेलिका खालून गंजतात हे सगळ्यांना माहीत आहे, ती गंजकी गाडी परत आपल्या खाऱ्या पाण्याच्या फेरीत, म्हणजे विचार करा. इंजिनाचा सेन्सर गेला तर पार्ट जपानहून येईपर्यंत गाडीवर वेल चढेल.

इथलीच फोर्स गुरखा बघा, पाच दारांची. २.६ लिटर डिझेल, १४० पीएस, लो रेंज (चिखलात जोर देणारा गिअर), पुढचा-मागचा दोन्ही डिफरेन्शियल लॉक होतो (एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं), खालून २३३ मिमी मोकळं आणि पाण्यात ७०० मिमीपर्यंत चालते असं कंपनी सांगते. लांबी ४.३९ मीटर, म्हणजे डेलिकापेक्षा दीडएक वीत कमी, फेरीला फायदाच. पार्ट मिळतात, कुठलाही मेकॅनिक हात लावतो. तोटा एकच, उंच आहे. आईंना चढायला त्रास होईल.

---

कोरगुट:

मी शेजारच्याच बेटावरचा, चोडणचा. गाडीतलं मला काही कळत नाही पण बांधातलं कळतं, म्हणून लिहितोय, राग मानू नका.

माळारकर, तुम्ही बांधावरून दोन टनांची गाडी रोज नेणार? पावसात? बांध म्हणजे रस्ता नव्हे हो. आत चिखल आणि पेंढा, बाहेरून दगड, एवढाच असतो. पावसाळ्यात तो आतून भिजून मऊ झालेला असतो, त्यावर जड गाडीची चाकं रोज त्याच दोन रेघांतून गेली की चर पडतात, चरात पाणी साचतं आणि एका मोठ्या भरतीला तिथूनच भगदाड. खारं पाणी शेतात शिरलं की कोरगुट पण दोन-तीन वर्षं धड येत नाही, आणि तो तर खाऱ्यात टिकणारा भात. तुमची फोर बाय फोर रुतणार नाही, म्हणजे तुम्हाला कळणारही नाही बांध कधी खचला ते. वॅगन आर निदान रुतून सांगत तरी होती.

तुमच्या इथल्या टेनंट असोसिएशनमध्ये (खाजनातल्या कुळांच्या संस्थेत) जाऊन बसा. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) मासळीच्या लिलावाचे पैसे येतात ते बांधाच्या डागडुजीसाठीच असतात. त्या अर्ध्या किलोमीटरला शेताच्या आतल्या अंगाने चिऱ्यांची पायवाट मागा, चार फूट रुंद. तीनचाकी जाईल एवढी.

---

माळारकर:

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात वातावरण जरा तापलं होतं.

एजंटला पैसे दिले नव्हते, आता फोन पण उचलत नाही त्याचा. आतेभावाला सांगितलं की गाडी तिकडेच विक, तो पण मनातून सुटल्यासारखा वाटला, म्हणे खालचं एक वेल्डिंग आधीच झालंय, सांगायचं राहिलं होतं!! बघा.

कोरगुट, तुमचं वाचून खरं सांगू का, आधी राग आला. मग संध्याकाळी टॉर्च घेऊन बांधावर गेलो. वॅगन आर काढली होती तिथे ट्रॅक्टरच्या चाकाचे दोन चर अजून तसेच आहेत, एकात लहान लहान खेकडे होते आणि पाणी आतल्या बाजूला झिरपत होतं. वर्षभर तिथून जातोय, कधी वाकून बघितलं नव्हतं. असोसिएशनची मीटिंग रविवारी आहे, पायवाटेचा विषय घालतोय. एक म्हातारे सदस्य आताच म्हणाले की तुझ्या आईसाठी रस्ता हवा तर तुझ्या भाटातून (माडांच्या बागेतून) काढ, शेतातून कशाला. त्यात पण तथ्य आहे, आमचे सहा माड मध्ये येतात पण वाकडी का होईना वाट निघते. आई म्हणते माड तोडायचे नाहीत. म्हणजे वाट वाकडीच.

गाडी डांबरावरच ठेवायची असेल तर फोर बाय फोर कशाला, हा प्रश्न बायकोने विचारलाच. त्यामुळे आता सरकत्या दाराची साधी ईको बघतोय, आणि घरापासून डांबरापर्यंत चाकाची खुर्ची जाईल अशी वाट.

फेरीचं उत्तर मीच काढलं. मित्राची लांब गाडी घेऊन जुने गोवेच्या धक्क्यावर मुद्दाम सुकतीला गेलो. फेरीवाला ओरडला, 'बाब, सुकती आसा, पाटलें घासतलें, मातसो राव!' मी थांबलो नाही. घासलं. मित्राला अजून सांगितलेलं नाही, बंपरला टचअप पणजीत कुठे बरं करतात?

आणि हो, ईकोच्या दारापाशी जमिनीपासून पहिली पायरी किती इंचावर येते ते कोणी मोजून सांगेल का? आईचा पाय सात इंचांपर्यंत आरामात उचलतो, काल जिन्यावर टेप लावून बघितलं.