घरगुती मसाल्याच्या पार्सलला फ्री डिलिव्हरी द्यावी, लवकर पाठवावं की ट्रॅकिंग नीट द्यावं? गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं असतं?

कुडाळची_चूल

नमस्कार सगळ्यांना. मी कुडाळजवळच्या एका गावातून घरचा मालवणी मसाला, आमसुलं, कोकम आगळ, कुळथाचं पीठ आणि तिरफळं विकते. 3 वर्षं झाली, दुकान नाही, सगळं व्हॉट्सॲप आणि इन्स्टावर. मालाबद्दल आजवर एकही तक्रार नाही आली, तक्रारी येतात त्या सगळ्या पार्सलच्या, आणि आता खरंच रात्री झोप लागत नाही म्हणून इथे विचारतेय.

गेल्या महिन्यातलेच 3 प्रसंग सांगते. ठाण्याच्या एका ताईंनी अर्धा किलो मसाला पसंत केला, किंमत पटली, मग मी डिलिव्हरीचे 80 वेगळे सांगितले तर म्हणाल्या सगळीकडे फ्री असते तुम्हीच कसले पैसे घेता, आणि त्यानंतर उत्तरच नाही. दुसरे पुण्याचे, सोमवारी पार्सल टाकलं, मंगळवारी संध्याकाळपासून "कुठे आलं, कुठे आलं" सुरू, बुधवारी दिवसभर ट्रॅकिंगवर एक ओळसुद्धा पुढे सरकली नाही, गुरुवारी सकाळी त्यांनी पैसे परत मागितले, मी केले, आणि शुक्रवारी दुपारी पार्सल त्यांच्या दारात. त्यांनी प्रामाणिकपणे पैसे पुन्हा पाठवले पण परत ऑर्डर काही दिली नाही. तिसरं सगळ्यात वाईट, नाशिककडची कॅश ऑन डिलिव्हरी, आगळाच्या 2 बाटल्या, घ्यायच्या वेळी फोन उचलला नाही, पार्सल परत आलं ते एक बाटली गळलेली, वर जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं माझ्याच डोक्यावर.

माझ्याकडे तिन्ही गोष्टी करायला पैसे नाहीत. डिलिव्हरी फ्री करायची, महागडं एअर कुरिअर लावायचं, की ट्रॅकिंग चांगलं असलेली सेवा घ्यायची, यातलं एकच काहीतरी जमेल. तुम्ही लोक ऑनलाइन घेताना काय बघता ते खरं सांगा.

---

डोंबिवली_फास्ट

ताई, मी फक्त घेणारी आहे, विकत काही नाही, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून सांगते. मला लवकर नकोय, मला वार हवाय.

आमच्याकडे मी आणि नवरा दोघं सकाळी 7:40 च्या लोकलने जातो ते रात्री 8 ला घरी. घरी सासूबाई एकट्या, त्यांना जिना उतरायला होत नाही आणि ओटीपी माझ्या फोनवर येतो, मी तेव्हा मीटिंगमध्ये नाहीतर ट्रेनमध्ये जिथे रेंज नसते. म्हणजे एखादी वस्तू उद्याच आली तर माझ्यासाठी ती अडचण आहे, शनिवारी आली तर सोय आहे. दूध, कोथिंबीर संपली तर ते 10-15 मिनिटांवाले ॲप आहेतच, तिथे मी मिनिटं मोजते हे खरं. पण मालवणी मसाला मी गणपतीच्या 15-20 दिवस आधी मागवते, तो 2 दिवसांत आला काय आणि 6 दिवसांत आला काय, मला कुठे आज रात्रीच फोडणी घालायचीय. फक्त "शुक्रवार-शनिवारपर्यंत मिळेल" असं सांगितलंत आणि शनिवारी नाही आलं तर मी विचारायच्या आधी तुमचा मेसेज आला पाहिजे की उशीर होतोय. हे केलंत तर मी सोमवारपर्यंत थांबेन, चिडणार नाही.

ते पुण्याचे गृहस्थ उशिरामुळे चिडले असं मला नाही वाटत, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं ना.

---

पार्सल_हडपसर

मी पुण्यात हडपसर साईडला पार्सल वाटतो, 4 वर्ष झाली. ट्रॅकिंग म्हणजे काय ते आतून सांगतो कारण लोकांना वाटतं गाडी मॅपवर दिसते तसं पार्सल दिसत असेल, तसं नसतं. जिथे कुणीतरी हातात घेऊन बारकोडवर स्कॅनर मारतो तिथेच एक ओळ वाढते. मधे काही स्कॅन नाही तर काही दिसणार नाही, पार्सल हरवलं असा त्याचा अर्थ नाही.

"आउट फॉर डिलिव्हरी" दिसलं की लोक दारात येऊन बसतात. तर ते सकाळी हबवर (जिथून आम्ही पार्सल उचलतो ते गोदाम) माझ्या यादीत स्कॅन झालं एवढंच आहे. माझ्याकडे 60-70 पार्सल असतात, तुमचं 5 वं पण असेल आणि 65 वं पण असेल. मला पार्सलमागे पैसे मिळतात, पेट्रोल माझं, एका दारात 10 मिनिटं गेली की पुढची 3 घरं मागे पडतात.

आणि एक गोष्ट सांगतो जी बरेच जण सांगणार नाहीत. "ग्राहक घरी नव्हता" असं खोटं पडतं ना, ते होतं. मी आधी जिथे होतो तिथे संध्याकाळी यादी क्लिअर करूनच जायचं असा नियम होता, जे पार्सल राहिलं त्याला ॲपमध्ये कारण निवडावंच लागायचं आणि "वेळ पुरला नाही" असं कारण त्या यादीत नव्हतंच. मग पोरं काय करणार. चूक आहे, मला मान्य आहे, ज्या माणसाने दिवसभर वाट बघितली त्याच्यावर अन्याय आहे. पण ते दारावरच्या पोराने ठरवलेलं नसतं.

ताई तुमच्यासाठी कामाचं म्हणजे लेबल. पत्ता मोठ्या अक्षरात, जवळची खूण (शाळा, देऊळ, मेडिकल काहीही), आणि दुसरा फोन नंबर, हा दुसरा नंबर फार महत्त्वाचा. पहिला नाही उचलला तर दुसरा लावतो आणि काम होतं. आणि गळणारी वस्तू असेल तर झाकणाला टेप मारून प्लास्टिकची पिशवी, मग खोका. "काचेची बाटली" असं वर लिहा पण त्याच्या भरवशावर राहू नका, रात्री 2 ला हबवर गाडी उतरवताना कुणी वाचत नाही.

---

निवृत्त_टपाल

ताई, मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, बरीच वर्षं सॉर्टिंगला, म्हणजे पत्त्याप्रमाणे टपाल वेगळं लावायच्या कामाला होतो, म्हणून तुमच्या बुधवारच्या शांत ट्रॅकिंगबद्दल लिहितो. तुम्ही कुठली सेवा वापरली ते लिहिलं नाहीत, पण पद्धत सगळीकडे साधारण तीच.

स्पीड पोस्टचं बुकिंग झालं की 13 अक्षरांचा नंबर मिळतो, सुरुवात E ने आणि शेवट IN ने. मग ती वस्तू इतर वस्तूंबरोबर एका बॅगेत भरून बॅग बंद होते. बॅग एकदा बंद झाली की ती पुढच्या सॉर्टिंग ऑफिसात उघडेपर्यंत आतल्या तुमच्या पार्सलला कुणी हात लावत नाही, मग ओळ कुठून वाढणार. घाटात पाऊस असला, गाडी चुकली, की ही शांतता लांबते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवा, "मधले दीड-दोन दिवस नंबर टाकला तरी काही हलणार नाही, घाबरू नका". नंतर सांगितलं तर ते बहाणा वाटतं, आधी सांगितलं तर माहिती वाटते.

पिनकोड तपासून घेत चला, गिऱ्हाइकाने दिलेला जसाच्या तसा उतरवू नका. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे मोठे पंडित, आपले मराठी गृहस्थ, हे मी प्रत्येक नव्या मुलाला अभिमानाने सांगायचो. पहिले तीन आकडे सॉर्टिंगचा जिल्हा सांगतात, तो महसुली जिल्हा नव्हे. तुमचा कुडाळचा 416 ने सुरू होतो आणि कोल्हापूर, सांगलीचाही 416 नेच. म्हणजे शेवटचे तीन आकडे चुकले तर कुडाळचं टपाल सांगलीत जाऊ शकतं आणि पहिल्या तीनांत एक चुकला तर दुसऱ्याच टोकाला. दिवस जातात ते बहुतेक इथे.

आणखी एक, जुनं रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टचे दर बदललेत. ओटीपी घेऊनच वस्तू द्यायची अशी सोय आता आहे, त्याचे 5 रुपये अधिक जीएसटी. पैसे आधीच आलेल्या महागड्या ऑर्डरला ही घ्या, मिळालं की नाही मिळालं हा वाद राहत नाही. मात्र डोंबिवलीच्या ताईंसारख्या घराला नका लावू, त्यांनी कारण वर लिहिलंच आहे. खेड्यापाड्यातल्या पत्त्यांना मी तरी पोस्टच सुचवीन, बऱ्याच खाजगी कुरिअरवाल्यांचा माणूस तालुक्यापर्यंतच येतो आणि मग गिऱ्हाइकाला फोन करून "येऊन घेऊन जा" म्हणतो.

---

धंतोली_कट्टा

सगळ्यांचं वाचलं पण माझं मत जरा वेगळं आहे. वेग लागत नाही असं कसं म्हणता? मागच्या वर्षी बहिणीने कोकणातून राखी आणि सोबत काजू पाठवले, आले ते राखी पौर्णिमेच्या तिसऱ्या दिवशी. ती 4 वेळा फोन करून विचारत होती आली का, आली का, आणि मी नाही म्हणत होतो. काजू खाल्ले आम्ही, पण त्या दिवशी मनगट रिकामं होतं ते होतंच. तारखेची वस्तू असेल तर वेगच पाहिजे, आणि त्यासाठी 100 रुपये जास्तीचे द्यायला लोक तयार असतात, फक्त तसा पर्याय तर द्या ना. सगळ्यांना साधं पाठवा आणि ज्याला घाई त्याला एअर, पैसे त्याचे.

भाड्याचं म्हणाल तर मला 80 रुपयांचा राग नाही येत, शेवटच्या पानावर येणाऱ्या 80 चा येतो. पत्ता टाकला, ओटीपी टाकला, पैसे द्यायला गेलो की तिथे डिलिव्हरी, हँडलिंग, अजून कसली फी. मी तिथून बंद करून निघतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत डिलिव्हरीसकट सगळी फोड करून एकूण किंमत दाखवावी असं आहे, आणि असे मागून जोडलेले पैसे 2023 च्या डार्क पॅटर्नवाल्या (म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला चकवायच्या युक्त्यांच्या) सरकारी यादीत आहेत. ताई तुम्ही काही लपवलं नाही हे कळतंय, पण ठाण्याच्या बाईंना आधी मसाल्याची किंमत आणि नंतर 80 सांगितले ना, त्यांना ते तसंच लागलं असणार. पहिल्याच मेसेजमध्ये भाड्यासकट पोच किंमत सांगा. मी तर म्हणतो भाडं मालातच धरा आणि फ्री लिहा, लोकांना तेच वाचायला आवडतं.

---

शेंगाचटणी_सोलापूर

धंतोलीवाल्या दादांचं आधीचं सगळं पटलं, शेवटचं नाही पटलं. मी 6 वर्षं शेंगाची चटणी, कडक भाकरी पाठवतो. भाडं मालात धरून फ्री लिहिलं होतं मी, काय झालं सांगतो, जो एक पाकीट घेतो त्याला परवडलं आणि जो 4 घेतो त्याने 4 वेळा भाडं भरलं. म्हणजे आपलं चांगलं गिऱ्हाईक तेच जास्त पैसे देतंय. एका जुन्या गिऱ्हाइकाने हिशोब करून दाखवला तेव्हा लाज वाटली. तेव्हापासून भाडं वेगळं पण पहिल्या ओळीत, आणि ठरावीक रकमेच्या वर भाडं माझ्याकडे. लोक स्वतःहून एक पाकीट वाढवतात.

ताई वजनाचे टप्पे बघा. बहुतेक कुरिअर अर्ध्या अर्ध्या किलोने मोजतात. तुमचा अर्धा किलो मसाला म्हणजे पिशवी, खोका, टेप धरून 600 ग्रॅम, झाला एक किलोचा दर! त्यापेक्षा 200 ग्रॅमची 2 पाकिटं करा, पॅकिंगसकट 500 च्या आत बसतात, गिऱ्हाइकाला एक घरात एक माहेरी. मी हेच केलं आणि तिथेच भाडं उतरलं.

दुसरं खोक्याचं माप. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले 5000, जे येईल ते आणि खरं वजन यात जे जास्त त्याचे पैसे. कडक भाकरी 40 बाय 30 बाय 20 च्या खोक्यात घालायचो, वजन दीड किलो, हिशोबाने 4.8 किलो, पैसे 5 किलोचे. 8 महिने भरले मी ते, कुणी सांगितलंच नाही. तुमची आमसुलं, पीठ दाबून बसतात, तुम्हाला छोटा खोका पुरेल, दुकानातून मिळतो तो मोठा फुकटचा खोका वापरू नका, तो फुकट पडत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी मी पूर्ण बंद नाही केली कारण पहिल्यांदा घेणाऱ्याला आपण कोण माहीत नसतो, त्याची भीती बरोबर आहे. पण भाड्याचे पैसे आधी यूपीआयने घेतो, मालाचे दारात. ज्याने 70 रुपये दिलेत तो फोन उचलतो. आणि आगळ एअरने पाठवू नका, पातळ वस्तू विमानाला कधी कधी अडवतात, मग तुमचे एअरचे पैसे जातात आणि माल रस्त्यानेच येतो.

---

कुडाळची_चूल

सगळ्यांचं 2-2 वेळा वाचलं, वहीत लिहून घेतलं. सोलापूरच्या दादा, आत्ता पट्टी घेऊन माझा खोका मोजला, 35 बाय 25 बाय 20, म्हणजे साडेतीन किलो होतात आणि आत माल असतो दीड किलो. हे मी 3 वर्षं भरतेय! उद्याच कणकवलीला जाऊन लहान खोके बघते.

एअर कुरिअरचा विचार सोडला. पार्सल मी सोमवारी आणि गुरुवारी टाकते, म्हणजे मुंबई-पुण्याला शनिवार धरायचा तर सोमवारचंच टाकावं लागेल, तसं ऑर्डर घेतानाच विचारणार की घरी कुठल्या वारी कोण असतं. टपालवाल्या काकांचं बंद बॅगेचं जसंच्या तसं मेसेजमध्ये घालते, चालेल ना काका? आणि पुण्याच्या गृहस्थांना आज फोन केला, मागायला काही नाही, फक्त त्या बुधवारी काय झालं असेल ते सांगायला. ते म्हणाले, मला वाटलं तुम्ही फसवलंत, म्हणून पैसे मागितले. मला फार वाईट वाटलं.

डोंबिवलीच्या ताई, ज्यांच्या घरी दिवसा म्हातारं माणूस एकटं असतं त्यांचं पार्सल कुणाकडे द्यायचं?

---

डोंबिवली_फास्ट

आमच्या शेजारच्या काकू घेतात. विचारलंत तर बहुतेक लोक असं एखादं नाव सांगतील, फक्त कुणी विचारत नाही. आणि माझा गणपतीचा मसाला यंदा तुमच्याकडून, 200 ग्रॅमची 3 पाकिटं आणि आगळाची 1 बाटली, मेसेज करते. शनिवार.

---

पार्सल_हडपसर

त्या काकूंचं नाव आणि फ्लॅट नंबर लेबलवरच लिहा ताई, मेसेजमध्ये नको. मेसेज आमच्यापर्यंत येत नाही.